मिनोसेचा अर्धा दिवस

नेत्राला मिनोसेला पाठवतानाच गुणवंत दामल्यांनी सांगून टाकलं होतं, की फक्त जाऊन यायचं.

"त्यांच्या टाउन ऑफिसचा हा तिसरा मेल, नेत्रा-सान. तिकीटही तेच पाठवतायत. आता नाही म्हणणं बरं दिसत नाही. बघून या, फोटो काढा, छान आहे म्हणा. पुढचं मी बघतो."

दामल्यांची टूर एजन्सी टोकियोच्या निशी-कसाईत होती, एका भारतीय किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या ग्रुपांची जपानमधली सगळी व्यवस्था ते बघत. हॉटेलं, बस आणि मुख्य म्हणजे जेवण. नेत्रा तिथे आठवड्यातले चार दिवस जायची. त्याआधी तिने ओबेंतोच्या कारखान्यात डब्यांत भात भरला होता, कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, काउंटर सांभाळला होता. पुण्यात ती इतिहासात एम.ए. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवत होती. मग जयेशला कावासाकीतल्या एका कंपनीत काम मिळालं, ओजिमाच्या सरकारी वसाहतीत घर मिळालं, दोन वर्षांची कश्मिरा कडेवर होती, आणि इतिहास मागे राहून गेला. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही. विचारलंच कोणी तर म्हणायची, "इथे त्याचा काय उपयोग?"

हे दोन हजार अठराच्या नोव्हेंबरातलं. मिनोसे क्युशूच्या दक्षिणेला, डोंगरातल्या एका नदीकाठी होतं. एका डब्याची गाडी बोगद्यांतून आत-बाहेर करत तिथे पोचली. उतरणारी ती एकटीच होती. फलाटावर तिला घ्यायला दोघं आले होते. एक नोमिया-सान, टाउन ऑफिसच्या पर्यटन विभागातली पस्तिशीची बाई. त्या विभागात आपण एकट्याच आहोत हे तिने गाडीत बसल्यावर हसत सांगितलं. दुसरे तोकुनागा-सान. ऐंशी ओलांडलेले, हातात काठी, डोक्यावर कापडी टोपी, पायांत गमबूट. ते गावच्या प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, तेव्हापासून ते येईल त्याला गावातल्या युद्धाच्या जागा दाखवायचे.

युद्ध अठराशे सत्त्याहत्तर सालचं. नव्या सरकारने सामुराईंच्या तलवारी आणि तनखे काढून घेतले, तेव्हा दक्षिणेतल्या सात्सुमाचे सामुराई उठले. सरकारने त्यांच्यावर नवी फौज धाडली, तीत बहुतेक शेतकऱ्यांची पोरं. जपानमधलं ते शेवटचं यादवी युद्ध. हरत चाललेले सामुराई मागे हटत या डोंगरांत शिरले आणि मिनोसेत नदीच्या दोन काठांवरून दोन्ही बाजू एकमेकांवर गोळ्या झाडत राहिल्या.

"नदी रुंद नाही," तोकुनागा-सान पुलावर थांबून म्हणाले. "रात्री गोळीबार थांबला की शिव्या सुरू व्हायच्या. दोन्हीकडे आपलीच माणसं. शिव्या नीट कळायच्या."

नेत्राला हसू आलं. ते हसले नाहीत, पण त्यांना तिचं हसणं आवडलं असावं. त्यानंतर ते तिच्याकडे बघून बोलायला लागले. तोपर्यंत नोमिया-सानकडे बघून बोलत होते.

त्यांनी तिला तांदळाच्या दारूचं, साकेचं, जुनं कोठार दाखवलं. त्याच्या पांढऱ्या भिंतीत गोळ्यांची भोकं होती, काही इतकी खोल की बोट आत जाईल. मग देऊळ. तिथे दोन्हीकडचे जखमी एकाच खोलीत शेजारी शेजारी पडलेले असत. युद्ध संपल्यावर जमिनीच्या फळ्यांवरचं रक्त घासून निघेना, म्हणून गावकऱ्यांनी फळ्या उखडून उलट्या बसवल्या. "तुम्ही आत्ता त्याच फळ्यांवर उभ्या आहात," ते म्हणाले, आणि नेत्राने नकळत पाय मागे घेतला. मग सैनिकांचं दफनस्थान. सरकारी सैनिकांच्या दगडांवर नाव, वय, गाव. वयं बावीस, एकवीस, तेवीस. बंडखोरांचे दगड ओढ्यापलीकडे, नंतरच्या पिढीने बसवलेले.

शेवटी ते तिला देवळामागच्या चढावर घेऊन गेले. वाट अरुंद होती आणि नोमिया-सान त्यांचा दंड धरून चालत होती. वर देवदारांच्या मधला एक मोकळा उतार होता. गवत, नेचे, ओली माती. फलक नव्हता, दगड नव्हता.

"इथे काय होतं?" नेत्राने विचारलं.

"इथे ओझी वाहणारे मेले," तोकुनागा-सान म्हणाले. "आमच्या गावचे. आधी सामुराईंनी घरांतून ओढून नेलं, दारूगोळा वाहायला. मग सरकारी फौज आली, तिनेही तेच केलं. या उतारावर दोन्हीकडच्या गोळ्या पडायच्या. सैनिकांना थडगी मिळाली. हे कोणाचेच सैनिक नव्हते. माझ्या पणजोबांचे दोन्ही भाऊ इथे गेले. मला आजीने सांगितलं. कागदावर कुठे काही नाही."

नेत्राने त्या गवताकडे पाहिलं. मग म्हणाली, "आमच्याकडे याला शब्द आहे. वेठबिगार."

"परत सांगा."

"वेठ-बिगार. पकडून नेऊन फुकट काम करून घ्यायचं. आमच्याही लढायांत असे लोक असायचे. गडांवर दगड चढवणारे, फौजेबरोबर ओझी नेणारे. बखरींत त्यांची नावं नसतात."

तोकुनागा-साननी तो शब्द दोनतीनदा म्हणून पाहिला. त्यांच्या तोंडून तो 'बेतोबिगारु' असा यायचा. खाली उतरेपर्यंत ते तिला विचारत राहिले: त्या लोकांना जेवण कोण द्यायचं, ते पळून जायचे का, पकडले गेले तर काय व्हायचं. नेत्राला बरंचसं आठवत होतं. जिथे आठवत नव्हतं तिथे तिने आठवत नाही असं सांगितलं. इतक्या वर्षांत तिला असं कोणी काही विचारलं नव्हतं.

जेवायला गावच्या महिला मंडळाने बोलावलं होतं. तिघी म्हाताऱ्या सकाळपासून स्वयंपाक करत होत्या. भारतीय पाहुणी शाकाहारी, म्हणून माशाचं पाणी कशातही घालायचं नाही हे त्यांनी शोधून काढलं होतं, आणि सगळं वाळवलेल्या शिताके अळंबीच्या पाण्यात शिजवलं होतं. सर्वांत थोरल्या हामादा-सान तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होत्या.

"हे चालेल ना तुमच्या लोकांना?"

"चालेल," नेत्रा म्हणाली. "फार छान झालंय." आणि ते खरं होतं.

टोकियोला परत आल्यावर तिने दामल्यांना फोटो दाखवले नाहीत. सरळ म्हणाली, "सर, आपण ग्रुप नेऊ या तिथे."

"कशाला?"

"आपली माणसं गड बघायला कुठेही चढतात. रिटायर झालेले लोक गुडघ्याला पट्टा बांधून राजगडावर जातात. त्यांना देवळं आणि मॉल दाखवून कंटाळा आणतो आपण. इथे लढाई आहे, गोष्ट आहे, सांगणारा माणूस आहे."

"बसला तेवढा वेळ आहे का?"

"कुमामोतोहून कागोशिमाला जाताना वाटेतच आहे. अर्धा दिवस."

दामले तिच्याकडे बघत राहिले. ती कधी हट्टाने बोलत नसे. "एक ग्रुप," ते म्हणाले. "एप्रिलचा. बघू."

त्या हिवाळ्यात नेत्रा निराळीच झाली होती. रात्री कश्मिराचा अभ्यास झाला की ती सात्सुमाच्या युद्धाबद्दलची जपानी पुस्तकं घेऊन बसायची, अडलेली कांजी अक्षरं लेकीला विचारायची. कश्मिरा उत्तर जपानीत द्यायची आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायची. तोकुनागा-सानचे मेल यायचे, नोमिया-सान टाइप करून पाठवायची. ग्रुपसाठी किती बोलावं, काय गाळावं, उतारावर म्हाताऱ्यांना चढता येईल का. चढावर त्यांनी दोरीचा कठडा बांधून घेतला होता. जयेश एकदा म्हणाला, "तू अशी कॉलेजात असताना असशील." तिला ते दिवसभर पुरलं.

ग्रुप एप्रिलमध्ये आला. पुण्याचे चौदा जण, बहुतेक साठीच्या पुढचे, आणि त्यांच्याबरोबर पुण्याच्या कंपनीचा टूर मॅनेजर नरेंद्र. नेत्रा दुभाषी म्हणून आदल्या दिवशी कुमामोतोला त्यांना मिळाली. माणसं चांगली होती. आदल्या रात्री हॉटेलात त्यांनी तिला चिवडा दिला, तिची चौकशी केली, ओळखीची आडनावं काढली.

सकाळी निघायलाच उशीर झाला. कोणाचा पासपोर्ट सापडत नव्हता. मग वाटेत एका मोठ्या औषधाच्या दुकानात थांबायचं ठरलं, कारण तिथे गुडघ्याला लावायच्या पट्ट्या मिळतात हे कोणीतरी ऐकलं होतं. तिथून सगळे पिशव्या भरून निघाले तेव्हा नरेंद्रने बसमध्ये डबे वाटायला घेतले.

"हे काय?" नेत्राने विचारलं.

"लंच. कुमामोतोच्या इंडियन हॉटेलातून आणलंय. छोले, राइस."

"अरे, जेवण तिथे आहे. महिला मंडळ करतंय. मी शेड्यूलमध्ये लिहिलं होतं."

"वाचलं मी ताई. पण रिस्क नको. गेल्या ग्रुपला जपानी शाकाहारी म्हणून सूप दिलं, त्यात मासा निघाला. मला पुण्यात जाऊन शिव्या खाव्या लागल्या." तो ओशाळून बोलत होता. "लोकांनाही भुका लागल्यात."

बसमध्ये छोल्यांचा वास पसरला. नेत्राने नोमिया-सानला फोन लावला आणि बोलता बोलता खिडकीकडे तोंड वळवलं. पलीकडून नोमिया-सान फक्त "हो, हो, समजलं" म्हणत होती.

मिनोसेच्या पुलापाशी फलक लावला होता, देवनागरीत 'सुस्वागतम'. कोणीतरी बघून बघून काढलेली अक्षरं होती. एका बाईंनी त्याचा फोटो घेतला. तोकुनागा-सान कोट घालून उभे होते. महिला मंडळाच्या खोलीत लाकडी तबकं मांडून झालेली होती, आणि हामादा-सान दारात उभ्या राहून सगळ्यांना या या म्हणत होत्या, कारण जेवणाचं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. सगळे आत आले, तबकं बघितली, अवघडून हसले. दोघातिघांनी एखादा तुकडा तोंडात टाकला. जयमालाबाई म्हणून एक होत्या, पंचाहत्तरीच्या, पूर्वी कुठल्याशा शाळेत मराठी शिकवणाऱ्या. त्या खाली मांडी घालून बसल्या आणि अख्खं तबक संपवलं. बसमध्ये त्या जेवल्या होत्या हे नेत्राने पाहिलं होतं.

"विचार गं त्यांना, हा पदार्थ कशाचा," त्या म्हणाल्या. नेत्राने विचारलं. हामादा-सान त्यांच्यापाशी बसून सांगू लागल्या, पण तेवढ्यात नरेंद्र घड्याळ दाखवत आला.

कोठाराच्या भिंतीपाशी तोकुनागा-साननी बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं त्यांनी बोलायची, मग नेत्राने मराठीत सांगायची. भोकांत बोटं घालून फोटो काढून झाले, मग लोक पांगायला लागले.

"एवढंच आहे का?" एकाने बाजूच्याला विचारलं. हळू विचारलं, पण नेत्राला ऐकू गेलं.

"आपल्याकडे कुठल्याही बुरुजाला याच्या दहापट खुणा असतात."

"अहो, पण स्वच्छता बघा."

देवळात बूट काढायचे म्हणून निम्मे बाहेरच राहिले. फळ्यांची गोष्ट सांगताना तोकुनागा-सान थांबले आणि नेत्रासुद्धा थांबली, कारण मागच्या बाजूला टॉयलेटसाठी रांग लागली होती आणि रांगेतले मोठ्याने बोलत होते. दफनस्थानात एका काकांनी विचारलं, "यांचा राजा कोण होता?" नेत्राने समजावून सांगितलं. ते मान डोलवत होते, पण त्यांचं लक्ष बायकोकडे होतं. तिला चक्कर येत होती. तिला बसमध्ये नेऊन बसवलं. तिच्याबरोबर आणखी चारजण गेले. त्यांच्यावर रागावण्यासारखं काही नव्हतं. दहा दिवस ते रोज एक हॉटेल बदलत होते.

"ताई, निघायला लागेल," नरेंद्र म्हणाला. "ड्रायव्हर म्हणतो, त्याच्या ड्यूटीचे तास संपतील. इथे नियम कडक आहेत ना."

"अजून एक जागा राहिलीय. तीच मुख्य आहे."

"किती चढ?"

तिने चढ दाखवला. नवीन दोरी उन्हात पिवळी दिसत होती. नरेंद्रने मान हलवली.

तोकुनागा-सान तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. "उताराकडे जाऊ या?"

"आज जमणार नाही," नेत्रा म्हणाली. "वेळ संपला. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू."

"हो. पुढच्या वेळी," ते म्हणाले, आणि लोकांना निरोप द्यायला बसकडे चालू लागले.

महिन्याभराने पुण्याहून अभिप्राय आले. दामल्यांनी ते तिला वाचून दाखवले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. एवढंच म्हणाले, "मिनोसे काढायला सांगतायत. त्याऐवजी आउटलेट मॉल घाला म्हणतात."

पण नेत्राने सोडलं नाही. चुकीच्या लोकांना आणि चुकीच्या पद्धतीने नेलं, असं तिचं म्हणणं. तिने स्वतः पुण्यातल्या ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींना लिहायला सुरुवात केली. त्यातून एक गट मिळाला, नऊ जणांचा. त्यांतली वृंदा नावाची बाई लढायांच्या जागांचे नकाशे काढायची. तिने नेत्राला लांबलचक फोन केले: नदीची रुंदी किती, तोफा कुठल्या टेकडीवर होत्या. त्यांना मिनोसेत एक रात्र राहायचं होतं. उतारावर तासभर बसायचं होतं. दामल्यांनी हरकत घेतली नाही. तारीख ठरली, दोन हजार वीसचा एप्रिल. नोमिया-सानने कळवलं, की तोकुनागा-सान रोज सकाळी चढावर जाऊन येतात, गुडघे चालते राहावेत म्हणून.

मग कोरोना आला.

मार्चमध्ये विमानं थांबली. वृंदाचा मेसेज आला, आता पुढच्या वर्षी नक्की. मेपर्यंत दामल्यांचं ऑफिस बंद झालं. खुर्च्या, फाइलींचं कपाट आणि भिंतीवरचा फुजीचा मोठा फोटो खालच्या किराणावाल्याकडे ठेवून दामले मिळालेल्या खास विमानाने पुण्याला गेले. जयेश घरून काम करू लागला, जेवणाच्या टेबलावर. नेत्रा कोम्बिनीत परत गेली, प्लास्टिकच्या पडद्यामागे.

जुलैच्या सुरुवातीला एके सकाळी ती कामावरून आली तर जयेश टीव्हीसमोर उभा होता. दक्षिण क्युशूत रात्रभर ढगफुटीसारखा पाऊस झाला होता. पडद्यावर तपकिरी पाणी, त्यातून वर आलेली छपरं, मोडून पडलेला रेल्वेचा लोखंडी पूल.

"तुझं गाव इकडेच कुठेतरी ना?" जयेशने विचारलं.

तिने नोमिया-सानला फोन लावला. लागला नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मिनोसेचा नदीकाठचा सगळा भाग गेला. कोठार वाहून गेलं, भिंतीसकट. देवळात छतापर्यंत चिखल. तोकुनागा-सान आणि त्यांची बायको वरच्या रस्त्याला पळाले, वाचले. हामादा-सान घरातून निघाल्याच नाहीत. त्यांना निघायचं नव्हतं की जमलं नाही हे कोणाला कळलं नाही.

नेत्राने दोनदा लिहून पुसलं. शेवटी जपानीत अशा वेळी जे लिहितात तेच ठरावीक वाक्य लिहिलं.

त्यानंतर तिला मिनोसेला जाता आलं ते थेट पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात. जयेशचं काम संपत आलं होतं. कंपनीने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नव्हतं, आणि डिसेंबरअखेर पुण्याला परत जायचं ठरलं होतं. कश्मिराला जायचं नव्हतं. तिने घरात बोलणं जवळजवळ थांबवलं होतं. नेत्राने तिला बरोबर घेतलं, कारण एकटीला घरी सोडवेना.

रेल्वे चालू झालेली नव्हती. बसने गेल्या. नोमिया-सान न्यायला आली, जरा वाळलेली. नदीकाठी घरं नव्हती, नुसती चौकोनी जोती आणि त्यांच्यात उगवलेलं गवत. तोकुनागा-सान बंद शाळेच्या मैदानावर उभारलेल्या तात्पुरत्या लाकडी घरांपैकी एकात राहत होते. दोन खोल्या. त्यांच्या बायकोने चहा केला. त्यांनी नेत्राला लगेच ओळखलं, कश्मिराला इयत्ता विचारली. कश्मिरा त्यांच्याशी इतकं सुंदर, अदबीचं जपानी बोलली की नेत्रा बघत राहिली. तिला आपली मुलगी असं बोलू शकते हे ठाऊक नव्हतं.

"नदी रुंद करणार आहेत," तोकुनागा-सान म्हणाले. "आमचा भाग पुन्हा वसवणार नाहीत. देऊळ दुसरीकडे नेतील, पण त्या फळ्या गेल्या. सैनिकांचे दगड सापडले तेवढे उचलून ठेवलेत. एकाच ठिकाणी, दोन्हीकडचे. कोणता कोणाचा ते आता सांगता येत नाही."

"आणि वरचा उतार?"

"तो घसरून खाली आला. रस्ता त्याच मातीखाली आहे. तिथे सिमेंटची भिंत बांधतायत."

नेत्रा म्हणाली, "तिथे एक फलक तरी लावायला हवा."

"मी विचारलं," ते म्हणाले. "कार्यालयातून एक तरुण आला होता. चांगला मुलगा. म्हणाला, काही कागद आहे का? मी म्हणालो, आजीने सांगितलं. त्याने लिहून घेतलं नाही, आणि ते बरोबरच आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतलं नसतं. सरकारी फलकावर अशा गोष्टी घालत नाहीत."

"मी लिहीन," नेत्रा म्हणाली. "मराठीत. पुण्यात गेल्यावर."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमचे आभार," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी लिहू नका. मी आता सांगायचं थांबवलंय. हामादा-सानच्या घरी त्या रात्री मी हाक मारायला गेलो नाही. त्यांचं घर माझ्या वाटेत नव्हतं, हे खरं. पण ते दोन घरं पलीकडेच होतं. त्यानंतर दीडशे वर्षांपूर्वी कोण मेलं ते मला पाहुण्यांना सांगता येत नाही. तोंड उघडत नाही."

त्यांच्या बायकोने बिस्किटांची बशी कश्मिराकडे सरकवली.

परतीच्या बसमध्ये कश्मिराने जपानीत विचारलं, "आई, आपण इथे कशासाठी आलो होतो?"

"त्यांना भेटायला."

"ते तर म्हणाले, नका लिहू."

"हो."

"मग पुण्याला गेल्यावर तू काय करणार?"

कश्मिरा काचेला डोकं टेकून बसली. थोड्या वेळाने नेत्राच्या लक्षात आलं की ती रडतेय, आणि ते मिनोसेबद्दल नाहीये. तिने तिच्या पाठीवर हात ठेवला. कश्मिराने तो झटकला नाही, पण ती वळलीही नाही.

पुण्यात नेत्राने तो लेख लिहिला. तीन महिने लागले. वृंदाने वाचला आणि मनापासून चांगला आहे म्हणाली. त्या ट्रेकच्या गटातले दोघे कोरोनात गेले होते, गट मोडला होता. एका मासिकाच्या संपादकांनी सांगितलं, लेख उत्तम आहे, पण यातलं पुराव्याने सिद्ध किती? आणि आपल्या वाचकाला मिनोसेचं काय? दुसऱ्यांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्यांकडे तिने पाठवला नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात नोमिया-सानचा मेसेज आला. तोकुनागा-सान न्यूमोनियाने गेले. टाउन ऑफिसने पर्यटन विभाग बंद केला होता, आणि ती स्वतः फुकुओकाला एका विमा कंपनीत लागत होती. नेत्राने त्यांच्या बायकोचा पत्ता विचारला. नोमिया-सानने लिहिलं, त्या मुलाकडे गेल्या, पत्ता माझ्याकडेही नाही.

कश्मिरा कोथरूडच्या एका शाळेत जाऊ लागली. मराठीच्या पेपरात तिला सवलत मिळाली. घरी ती आता इंग्रजीत बोलायची, जपानीत नाही. मैत्रिणी झाल्या की नाही हे ती सांगत नसे. जयेशला हिंजवडीत नोकरी लागली. सकाळी साडेसातला तो निघायचा आणि घरी आला की गप्प असायचा.

दोन हजार तेवीसमध्ये दामल्यांनी पुण्यातून काम पुन्हा सुरू केलं. त्यांनी नेत्राला फोन केला. घरून करायचं काम होतं, जपानच्या टूरची शेड्यूलं लिहायची. "तुमच्याइतकी माहिती कोणाला आहे?" ते म्हणाले.

तिने हो म्हटलं. पहिलंच शेड्यूल क्युशूचं होतं. टोकियो, बेप्पू, आसो झालं आणि सातवा दिवस आला, कुमामोतो ते कागोशिमा. दामल्यांचा फोन चालूच होता.

"इथे मध्ये काय घालायचं?" तिने विचारलं.

"वाटेत काय आहे?"

"काही नाही."

"मग थेट प्रवास लिहा. लोकांना झोप तरी मिळेल."

नेत्राने लिहिलं: 'न्याहारीनंतर कागोशिमाकडे थेट प्रयाण. दुपारचं जेवण बसमध्ये.' मग ती आठव्या दिवसाकडे वळली.